एका बीमवर तीन रंग: चादरींच्या प्री-ऑर्डरचा साठा मोजायचा कसा?

पूर्वभागातली (१६ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमचे आठ माग आहेत. आजोबांनी दोन टाकले, अप्पांनी सहा वाढवले. पूर्वी टॉवेलही निघायचे, आता फक्त जेकार्ड चादर. सगळा माल व्यापाऱ्याकडं जायचा. २०२१ पासून मी घरच्या चादरींचं ऑनलाइन दुकान चालवते, वूकॉमर्स या सॉफ्टवेअरवर. फोटो मी काढते, पॅकिंगला आई आणि शेजारच्या एक मावशी, संध्याकाळी पाचला कुरिअरवाला दारात. आजवर हिशोब सोपा होता. घडी घालून कपाटात जेवढ्या चादरी, तेवढ्याच दुकानात दिसायच्या. संपल्या की संपल्या.

यंदा पहिल्यांदा प्री-ऑर्डर घेतली आणि पार अडकले.

डिझाइन नवीन होतं, सोनचाफ्याची वेल आणि काठाला बारीक कमानी. त्याचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं, नव्यानं पाडून घेतले. पत्त्यांचा संच एकच, म्हणून विणायला मागही एकच. पांढऱ्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) मागावर चढलं तेव्हा अप्पांना विचारलं, किती उतरतील? ते म्हणाले, "पाचशे मीटर ताणा आहे, चादरीला अडीच मीटर जातो. दोनशे निघतील. पण तू एकशे ऐंशीच धर." मी तेवढ्याच धरल्या. तिथवर सगळं बरोबर होतं.

रंग तीन आहेत: मरून, मोरपंखी, हळदी. ताणा तिघांनाही तोच, रंग फक्त बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात. बाण्याची कांडी बदलली की चादरीचा रंग बदलतो. मी दुकानात एकच प्रॉडक्ट करून त्यात तीन व्हेरिएशन, म्हणजे रंगाप्रमाणे उपप्रकार, केली आणि प्रत्येकात साठा लिहिला १८०. कुठला रंग चालेल ते ठाऊक नव्हतं, जो चालेल तो विणू असं मनात होतं. दुकानाला मात्र मी सांगून बसले की ५४० चादरी येणार आहेत.

३ नोव्हेंबरला ऑर्डरी सुरू केल्या. १२ तारखेला सकाळी चहा घेताना अप्पांनी विचारलं, "किती झाल्या गं?" मोबाईलवर बेरीज केली. मरून १४१, मोरपंखी ८८, हळदी ४७. एकूण २७६. अप्पांनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता माग बघायला गेले. ज्या ९६ चादरींसाठी बीमवर ताणाच नाही, त्या मी विकून बसले होते.

त्याच मिनिटाला ऑर्डरी बंद केल्या. पण लोकांना "५ डिसेंबरपर्यंत रवाना करू" असं लिहून दिलंय. नगाला ८९० रुपये, पूर्ण पैसे आधीच घेतलेत. त्यातले बरेचसे रंगीत सुताला आणि रंगाईला गेले. आज ९६ नगांचे पैसे परत करायचे म्हटले तर ८५,४४० रुपये होतात, तेवढे हातात नाहीत.

त्यात नाशिकच्या एका ताईंनी बहिणीच्या लग्नात आहेराला द्यायला २५ मरून घेतल्यात. लग्न ११ डिसेंबरचं. ऑर्डर ११ नोव्हेंबरची, म्हणजे रांगेत अगदी शेवटी. त्यांनी ऑर्डरीच्या खाली लिहिलंय, "सोलापूरची खरी चादर द्यायची आहे म्हणून तुमच्याकडून घेतेय." ते वाचल्यापासून मला झोप नाही.

शिवाय १७ ऑर्डरी अशा आहेत ज्यांत गेल्या वर्षीची एक तयार चादर आणि ही एक प्री-ऑर्डरची आहे. ते विचारतात, तयार आहे ती तरी पाठवा की. दोनदा पाठवायची तर कुरिअर दोनदा.

मला तीन-चार गोष्टी समजून घ्यायच्यात. अजून न विणलेल्या चादरीचा साठा दुकानात कसा लिहायचा? १८० पैकी किती विकायला काढायच्या? पैसे पूर्ण घ्यावेत की बयाणा? आणि या ९६ चादरी घेतलेल्यांना मी आता काय सांगू? कृपा करून "प्री-ऑर्डर बंदच कर" असं सांगू नका. आठ मागांपैकी तीन माग यंदा ऑनलाइन ऑर्डरींच्या भरवशावर दोन पाळ्यांत चाललेत.

---

जुळे_सोलापूरकर (१६ नोव्हेंबर)

ताई, आधी दुकानाच्या सेटिंगचं सांगतो, ते पाच मिनिटांचं काम आहे. मी पुण्यात वूकॉमर्सचीच कामं करतो.

तिन्ही व्हेरिएशनमधली "मॅनेज स्टॉक"ची खूण काढून टाका. मग वर मूळ प्रॉडक्टच्या इन्व्हेंटरीत जाऊन तीच खूण करा आणि साठा तिथं एकदाच लिहा. असं केलं की तिन्ही रंग एकाच आकड्यातून वजा होतात. मरून विकली तरी एक कमी, हळदी विकली तरी एक कमी, आणि आकडा शून्यावर आला की तिन्ही रंग एकदम बंद. तुमच्या बीमचं गणित हेच आहे. शॉपिफाय या दुसऱ्या दुकान-सॉफ्टवेअरवर असतात तर प्रत्येक व्हेरिएंटचा साठा वेगळाच मोजला गेला असता आणि त्यासाठी वेगळं ॲप बघावं लागलं असतं. या बाबतीत वूकॉमर्स तुमच्या सोयीचं आहे.

तिथंच खाली "बॅकऑर्डर"चा पर्याय दिसेल. पुष्कळ लोक तोच प्री-ऑर्डर समजून चालू करतात. त्याला वरची मर्यादाच नसते, साठा शून्याखाली उणे जात राहतो आणि दुकान विकत राहतं. तो बंदच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही येत्या दोन-चार दिवसांत पैसे परत कराल. ऑर्डर रद्द केली की वूकॉमर्स तो नग साठ्यात परत टाकतं. रिफंड करतानाही "रीस्टॉक"ची खूण आधीपासून केलेली असते, ती काढा. नाहीतर तुम्ही इकडं जास्तीच्या ऑर्डरी कमी करताय आणि तिकडं दुकान म्हणतंय, चला, माल आला. आत्ता तुमच्याकडं मरून ३९, मोरपंखी ९२, हळदी १३३ शिल्लक दिसत असतील. ते सगळे आकडे खोटे आहेत. तिन्ही शून्य करा, मगच रिफंडला हात घाला.

तयार चादर आणि प्री-ऑर्डरची चादर एकाच प्रॉडक्टमध्ये कधी ठेवू नका. दोन वेगळी पानं, दोन वेगळे एसकेयू (मालाचे कोड). दोन्ही एकाच कार्टमध्ये आल्या तर "सगळं एकत्र अमुक तारखेला निघेल" ही ओळ पैसे भरायच्या आधी दिसली पाहिजे. आणि प्री-ऑर्डरला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. पैसे न भरता माणूस साठा अडवून बसतो आणि महिन्यानं पार्सल दारातून परत येतं.

"होल्ड स्टॉक"चा आकडाही बघून घ्या, मुळात तो ६० मिनिटांचा असतो. यूपीआय अर्धवट सोडून गेलेल्या माणसासाठी तेवढा वेळ चादर अडकून राहते. शेवटच्या दहा-वीस नगांना याचा फरक पडतो.

---

चाटीगल्लीवाले (१७ नोव्हेंबर)

ताई, मी ३२ वर्षं चाटी गल्लीतल्या एका पेढीवर बुकिंगची वही सांभाळली. कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही, आता मुलगा बघतो. पण तुम्ही ज्याला प्री-ऑर्डर म्हणता ते आमच्याकडं दसऱ्यापासून चालायचं. लातूर, विजापूर, कलबुर्गीचे दुकानदार यायचे, नमुन्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, याच्या शंभर, त्याच्या साठ, दिवाळीच्या आत. माल अजून मागावर पण नसायचा. चूक आम्हीही केलीये, आणि तुमच्यापेक्षा मोठी. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या वहीत रंगाचं पान नसायचं, बीमचं पान असायचं. पानाच्या डोक्यावर बीमचा नंबर, मीटर आणि अंदाजे नग. डाव्या बाजूला रोज मागावरून उतरलेले नग, उजव्या बाजूला कुणाला किती शब्द दिला ते. खाली दोन्हींतला फरक पेन्सिलीनं, कारण तो रोज खोडून नवा लिहायचा. वरच्या भाऊंनी जे सेटिंग सांगितलं ते हेच पान झालं. ते कराच. पण पानाच्या डोक्यावर आकडा कुठला लिहायचा, ते मागावर उभं राहून ठरवावं लागतं.

अप्पांनी १८० सांगितले ते उतरतील एवढे सांगितले. विकायला काढायचे ते वेगळे. दोनशेतून तोंडाचे आणि शेवटाचे चार-पाच नग जातात. सेकंड निघतात, कुठं तार तुटलेली, कुठं बाण्याची पट्टी पडलेली. नवीन पत्त्यांवर पहिल्या पंचवीस-तीस नगांत सेकंड जास्त निघतात, माग त्या नक्षीला अजून बसलेला नसतो. मग एखादं पार्सल भिजून जातं, एखादं चुकीच्या पत्त्यावर जातं, त्याला बदली द्यायला चार-सहा नग बाजूला लागतात. आम्ही दोनशेच्या बीमवर सुरुवातीला १६० च्या वर बुकिंग घेत नव्हतो. अर्धं बीम उतरलं, सेकंड किती पडताहेत ते दिसलं, की मग वरचे पंधरा-वीस उघडायचो. तुम्हीही दुकानात तसंच करा. आधी १६० लिहा, अर्ध्यावर आल्यावर आकडा वाढवा. वाढवलेला आकडा कुणाला खुपत नाही, कमी केलेला खुपतो.

बीमवर किती राहिलं ते डोळ्यांनी कळण्यासाठी सायझिंगला, म्हणजे ताण्याला खळ लावताना, त्यावर ठरावीक अंतरावर रंगाची खूण मारून घ्या. ती खूण पुढं आली की कामगार फळ्यावर एक रेघ ओढतो. संध्याकाळी तुम्ही रेघा मोजायच्या आणि दुकानातल्या आकड्याशी ताडून बघायच्या. कुणाच्या आठवणीवर काही सोडायचं नाही.

आता रंगाचं. रंग तीन ठेवलेत ते चांगलं केलंत. पण बाणा रंगवून घेताना सगळा एकाच लॉटमध्ये करून घ्या, गरजेपेक्षा थोडा जास्त. रंगाईचा लॉट बदलला की मरून बदलतो. तुम्हाला वाटेल मरून ते मरून. आमच्या पेढीवर एकदा एकाच पार्टीला दोन लॉटच्या चादरी गेल्या. ट्यूबलाइटखाली आम्ही चौघांनी बघून पाठवल्या होत्या, कुणाला काही दिसलं नाही. त्या माणसानं दुकानासमोर उन्हात गठ्ठा सोडला आणि फोन केला: वरच्या सहा विटकरी दिसतात, खालच्या जांभळट. गठ्ठा परत आला, भाडं आमच्या अंगावर. त्या दिवसापासून प्रत्येक लॉटच्या सुताची बोटभर लडी मी वहीच्या पानाला टाचायला लागलो. नवीन लॉट आला की जुनी लडी आणि नवी लडी शेजारी धरून दुपारी बाराला गच्चीवर जायचं. सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन तांबूस असतं, त्यात मरून बघू नये.

हे साठ्याच्या हिशोबात कसं येतं, तर असं. तुमच्याकडं २७६ नग विकले गेलेत, पण ती २७६ माणसं नाहीत. कुणी दोन घेतल्यात, कुणी चार, ताईंनी पंचवीस. बेडवर शेजारी अंथरायच्या दोन चादरी दोन बीमच्या नकोत. तेव्हा वाटप नगावर करू नका, ऑर्डरीवर करा. एक ऑर्डर संपूर्ण पहिल्या बीमची, नाहीतर संपूर्ण दुसऱ्या बीमची. ऑर्डरींची यादी काढा आणि प्रत्येकीपुढं बीम १ किंवा बीम २ लिहा. एवढं केलं तरी डोक्यावरचं निम्मं ओझं उतरेल.

नाशिकच्या ताईंना गुपचूप पुढं घेऊ नका. त्यांच्याआधी पैसे भरलेल्यांनाही तुम्ही ५ तारीखच दिलीये. आधी जुन्या ऑर्डरवाल्यांना फोन करा, "दोन-तीन आठवडे थांबाल का" म्हणून विचारा. घरी वापरायला घेतलेला माणूस थांबतो. पंचवीस नगांइतकी माणसं थांबायला तयार झाली की तेवढे नग आहेराला द्या. आहेराची चादर लग्नानंतर पोचून काय उपयोग?

आणि दुसरं बीम. बाण्याची रंगाई, वार्पिंग (ताण्याचे धागे बीमसाठी एकत्र गुंडाळणं), सायझिंग, मग जुन्या ताण्याच्या टोकांना नवा सांधायचा, याला दहा-बारा दिवस सहज जातात. मग दोन पाळ्यांत रोज पंधरा-सोळा नग. सुट्टीचा वार आणि लाईट जाण्याचे तास धरा. मग कटिंग, शिलाई, घडी. सगळं मोजून तारीख काढा आणि त्यावर आठवडा वाढवून लोकांना सांगा. जानेवारीत मात्र संक्रांतीच्या आठवड्यातली तारीख कुणाला देऊ नका. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वज निघाल्यावर आणि अक्षता सोहळ्याला सोलापुरात माग कोण चालवणार?

---

वहीखाते (१७ नोव्हेंबर)

चाटीगल्लीवाल्यांनी लिहिल्यावर मालाबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, म्हणून पैशाबद्दल दोन शब्द.

तुम्ही नेहमीच्या पद्धतीत असाल, म्हणजे कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत) नसाल, तर मालासाठी घेतलेल्या आगाऊ पैशावर जीएसटी पैसे आले त्या दिवशी भरावा लागत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेनं (क्रमांक ६६/२०१७) ती सवलत दिली. कर बिल केल्यावर लागतो. ही सवलत मालालाच आहे, सेवेला नाही. आगाऊ पैशाची पावती म्हणून रिसीट व्हाउचर करा, पैसे परत केले तर रिफंड व्हाउचर. बिल मात्र माल निघताना. काही जण ऑर्डर आली की लगेच बिल फाडतात. मग रद्द झालेल्या प्रत्येक ऑर्डरीला क्रेडिट नोट करत बसावं लागतं.

खात्यात ते २,४५,६४० रुपये विक्रीत धरू नका. चादर दारातून निघेपर्यंत ते तुमचं देणं आहे.

आणि ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा माल दिला आणि ग्राहकानं पैसे परत मागितले तर विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. दैवी आपत्तीसारखं कारण असलं तर गोष्ट वेगळी, पण जास्त विक्री झाली हे त्यात बसत नाही. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल. तेव्हा "प्री-ऑर्डरचे पैसे परत मिळणार नाहीत" अशी ओळ साइटवर असेल तर आजच काढा.

---

चटणी_भाकरी (१८ नोव्हेंबर)

मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते. दिवाळीआधी आमची पण प्री-ऑर्डर असते. आमचा माल टिकण्याचा प्रश्न वेगळा, पण लोकांना फोन करायचा प्रश्न सारखाच आहे, तेवढंच सांगते.

व्हॉट्सॲपवर एकच निरोप सगळ्यांना टाकू नका. फोन करा. पहिल्या वाक्यात चूक सांगा, दुसऱ्यात नवी तारीख. "थोडा उशीर होईल" असं म्हणायचं नाही, तारीख म्हणायची. मागच्या दिवाळीत आमच्याकडं खलबत्त्यावरच्या दोन बायका एकदम आजारी पडल्या आणि चाळीस किलो चटणी अडकली. मी दोन दिवस लाजेनं कुणाला फोनच केला नाही. लोक चिडले ते त्या दोन दिवसांवर. चटणी उशिरा पोचली त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

पैशाचं म्हणाल तर आगाऊ रकमेसाठी मी बँकेत वेगळं खातं उघडलंय. साइटवर ऑनलाइन भरलेले पैसे त्यातच येतात. कच्च्या मालापुरते त्यातून काढते, निम्म्याच्या वर हात लावत नाही. अर्धा बयाणा घेऊन पाहिला होता, पण उरलेले अर्धे मागायला पुन्हा दोनशे निरोप पाठवावे लागतात आणि काही जण भरतच नाहीत, मग डबे पडून राहतात. ८९० च्या चादरीला पूर्ण पैसेच घ्या, पण निम्मे राखून ठेवा.

मन घट्ट करा ताई. लोक समजून घेतात.

---

पूर्वभागातली (९ डिसेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस वेळ मिळाला नाही, आज काय झालं ते लिहिते.

त्याच रात्री तिन्ही आकडे शून्य केले. दुसऱ्या दिवशी मोठ्या कागदावर सगळ्या ऑर्डरी तारखेप्रमाणे लिहिल्या आणि त्यानंतर फोन सुरू केले. चार दिवस सकाळी दहा ते रात्री आठ. चटणीवाल्या ताईंनी सांगितलं तसंच बोलले: "मी बीमवर होत्या त्यापेक्षा जास्त चादरी विकल्या, तुमची २६ डिसेंबरपर्यंत निघेल, नको असेल तर पैसे आज परत करते." दोघं-तिघं रागावले, त्यांचा राग बरोबर होता. औरंगाबादचे एक आजोबा म्हणाले, "आमची थंडी जानेवारीत, सावकाश पाठव." ७१ चादरींची माणसं थांबायला तयार झाली. १४ चादरींचे पैसे परत केले, १२,४६० रुपये. ते अप्पांनी टॉवेलच्या जुन्या येण्यातून दिले. ११ चादरींच्या बदल्यात लोकांनी तयार असलेलं जुनं डिझाइन घेतलं. ९६ चा मेळ बसला. थांबणाऱ्यांत बऱ्याच मरूनच्या जुन्या ऑर्डरी होत्या, त्यामुळं नाशिकच्या २५ पहिल्या बीमवरून २८ नोव्हेंबरलाच निघाल्या. परवा त्या ताईंनी रुखवताशेजारी रचलेल्या गठ्ठ्याचा फोटो पाठवला.

पहिल्या बीमचा हिशोब चाटीगल्लीवाल्या काकांनी सांगितल्यासारखाच आला. २०० पैकी पक्क्या १८६, सेकंड ९, तोंडाशेवटाच्या ५. नऊ सेकंडपैकी सहा पहिल्या तीस नगांतच निघाल्या. अप्पांना काकांचं ते वाक्य वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हे लिहिणारा माणूस मागावर उभा राहिलेला आहे." १८० ऑर्डरींना लावल्या, ६ बदलीला ठेवल्या.

१७ मिश्र ऑर्डरींपैकी जे थांबायला तयार नव्हते अशा आठ जणांना तयार चादर आधी पाठवली. दुसऱ्यांदाचं कुरिअर मीच भरलं. आता दोन्हींची पानं वेगळी केलीत आणि कार्टमध्ये ती ओळ घातलीये.

दुसऱ्या बीमला सायझिंगवाल्याकडून खुणा मारून घेतल्या. मागाशेजारच्या खांबाला पाटी टांगलीये. पहिल्या दिवशी कामगार म्हणाले, ताई, आम्ही कधी चुकीचं सांगितलंय का? मी म्हटलं, चुकले मी, म्हणून पाटी माझ्यासाठी आहे. आता तेच आवर्जून रेघ ओढतात. या बीमवर ७१ चा शब्द आधीच दिलेला होता. १६० धरून त्यातून ७१ काढले, राहिले ८९. दुकानात मूळ प्रॉडक्टवर ८५ लिहिलेत, व्हेरिएशनमध्ये काहीच नाही. आज सकाळपर्यंत ५२ गेल्यात. तारीख १० जानेवारी लिहिली होती, अप्पांनी ती खोडून २५ जानेवारी करायला लावली. गड्डा होऊन जाऊ दे म्हणाले.

काका, लॉटचं तुम्ही लिहिलं नसतं तर मी पुन्हा फसले असते. दुसऱ्या बीमचं मरून सूत मंगळवारी आलं. घरात दोन्ही लड्या अगदी सारख्या दिसल्या, आई म्हणाली काही फरक नाही. बाराला गच्चीवर नेल्या. दोन बोटांत शेजारी धरल्यावर नवीन सूत जरा काळपट दिसलं, पिकलेल्या जांभळाच्या सालीकडं झुकणारं. यादी पुन्हा काढली. नगावर मोजून मीच तीन जोड्या फोडल्या होत्या, एक चादर पहिल्या बीमची, एक दुसऱ्या. पहिली कपाटातच होती, पाठवली नव्हती. बदलीच्या सहांत तीन मरून निघाल्या. त्या जोड्यांना लावल्या आणि तिन्ही पार्सलं काल पाचच्या गाडीनं गेली. दुसऱ्या बीमवर आता ७१ ऐवजी ६८ चा शब्द आहे, बदलीला तीन उरल्यात. तो आकडा पेन्सिलीनंच लिहिलाय.